रांगेत थांबण्याची किंमत

संगणकाचा वेग वाढवायचा म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या आत होणारा खोळंबा कमी करायचा. ‘लिनक्स’ या कार्यप्रणालीच्या गाभ्यातील एका लहानशा कुलपाभोवती दोन दशकांहून अधिक काळ जी चर्चा चालली आहे, ती याच खोळंब्याची आहे. वेग, न्याय आणि सुरक्षितता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पुरत्या पदरात पडत नाहीत, हे त्या चर्चेचे सार म्हणावे लागेल.

‘पोस्टग्रेस्क्यूएल’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त डेटाबेसची अठरावी आवृत्ती २५ सप्टेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. डिस्कवरून माहिती वाचण्याचा वेग या आवृत्तीत काही प्रसंगी तिपटीपर्यंत वाढू शकतो, असे तिच्या निर्मात्यांनी जाहीर केले. हा वेग नव्या यंत्रामुळे आलेला नाही. मागितलेली माहिती हाती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याऐवजी डेटाबेसने मधल्या वेळात पुढची मागणी नोंदवावी, एवढाच काय तो बदल आहे. तंत्रज्ञांच्या भाषेत याला ‘असिंक्रोनस’ पद्धत म्हणतात.

याच आवृत्तीत एक सावधगिरीही दिसते. लिनक्सवर या कामासाठी ‘आयओ-यूरिंग’ नावाची आधुनिक यंत्रणा उपलब्ध आहे आणि नव्या डेटाबेसला ती वापरताही येते. परंतु कोणी काही न सांगता आपोआप लागू होणारा पर्याय तो नाही. त्याऐवजी वाचनाच्या कामासाठी वेगळ्या मदतनीस प्रक्रिया ठेवण्याची जुनी रीत मूळ पर्याय म्हणून स्वीकारली आहे. आयओ-यूरिंग फक्त लिनक्सवर आहे आणि हा डेटाबेस इतर प्रणालींवरही चालतो, हे एक कारण उघड आहे. मात्र लिनक्सवरही ही यंत्रणा सर्वत्र खुली नाही, ही वस्तुस्थिती अधिक बोलकी आहे. हमरस्ता बांधून तयार व्हावा आणि त्याच्या तोंडाशी ठिकठिकाणी अडथळे उभे राहावेत, असे का झाले? याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे खोलात, कार्यप्रणालीच्या गाभ्यापर्यंत म्हणजे ‘कर्नेल’पर्यंत जावे लागते.

पान आणि त्याचे कुलूप

कर्नेल हा कार्यप्रणालीचा असा भाग, की जो प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांची वाटणी सर्व प्रोग्रॅमांमध्ये करतो. लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलेले लिनक्सचे कर्नेल आज अँड्रॉइड फोनपासून महासंगणकांपर्यंत सर्वत्र आहे. जगातील सर्वात वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालते.

हे कर्नेल मेमरीचा हिशेब ‘पानां’मध्ये ठेवते. नेहमीच्या संगणकावर एक पान ४ किलोबाइटचे असते. एखाद्या प्रोग्रॅमने फाइल वाचायला मागितली, की कर्नेल तिचा तेवढा भाग डिस्कवरून मेमरीतील पानांवर उतरवून घेते आणि तीच पाने पुढच्या वेळी कामी यावीत म्हणून जपून ठेवते. पान भरले जात असताना कोणी अर्धवट मजकूर वाचू नये, यासाठी त्या पानाला कुलूप लावले जाते. हे कुलूप म्हणजे पानाच्या नोंदीतील एक खूण असते. मजकूर उतरून पूर्ण झाला, की खूण पुसली जाते आणि कुलूप उघडते.

प्रश्न निर्माण होतो तो या मधल्या वेळेत. ज्याला ते पान हवे आहे, त्याने काय करावे? लिनक्सचे पारंपरिक उत्तर सरळ होते. त्याने रांगेत उभे राहावे आणि झोपी जावे. कुलूप उघडले, की त्याला जागे केले जाईल. बँकेत पैसे काढायला गेलेल्या माणसाने खिडकीसमोर तासभर उभे राहावे, तसाच हा प्रकार. माणूस रांगेत आहे तोवर त्याची दुसरी कामे अडलेली.

डिस्क फिरत्या तबकडीच्या होत्या, तोवर या रीतीविरुद्ध फारशी तक्रार नव्हती. तबकडीवरून माहिती यायला काही सहस्रांश सेकंद लागत. तेवढ्या अवधीत झोपणे-उठणे यांचा खर्च नगण्य ठरे. आता प्रचलित असलेल्या ‘एनव्हीएमई’ प्रकारच्या डिस्क तेच काम एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात किंवा त्याहून लवकर करतात. खिडकीवरचे काम क्षणात उरकू लागले, तेव्हा रांग लावणे, झोपणे आणि जागे करणे यांतच वेळ जातो आहे, हे ठळकपणे दिसू लागले.

भारतातून गेलेला प्रस्ताव

या अडचणीची जाणीव मात्र वेगवान डिस्क येण्यापूर्वीच झाली होती. डिसेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नेलची २.६ ही आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात असिंक्रोनस वाचन-लेखनाची सोय होती. पण ती सोय अर्धीच होती. कर्नेलने जपलेली पाने टाळून थेट डिस्कशी व्यवहार करणाऱ्या प्रोग्रॅमांनाच तिचा खरा उपयोग होई. मोठे व्यापारी डेटाबेस तसे करीत. बाकीच्या प्रोग्रॅमांनी ‘न थांबता’ वाचनाची मागणी केली, तरी पानाचे कुलूप आडवे येई आणि मागणी करणारा प्रत्यक्षात थांबूनच राही. पाटी एक आणि व्यवहार दुसरा, असा तो प्रकार होता.

ही उणीव दूर करण्याचा एक गंभीर प्रयत्न भारतातून झाला, हे येथे नमूद करायला हवे. आयबीएमच्या भारतातील सॉफ्टवेअर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सुपर्णा भट्टाचार्य यांनी कर्नेलच्या २.५ या विकासमालिकेपासून या विषयावर काम केले. २००३ च्या ओटावा लिनक्स परिषदेत त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह यासंबंधीचा निबंधही सादर केला. त्यांच्या प्रस्तावाचा गाभा असा होता: पानाला कुलूप दिसले, तर मागणी करणाऱ्याने झोपू नये. रांगेत फक्त आपली नोंद ठेवावी आणि परतावे. कुलूप उघडले, की त्या नोंदीवरून काम पुन्हा सुरू करावे. म्हणजेच खिडकीपुढे उभे राहण्याऐवजी टोकन घ्यावे आणि मधल्या वेळात आपली इतर कामे उरकावीत.

२००७ पर्यंत या बदलांच्या सुधारित आवृत्त्या येत राहिल्या, पण मूळ कर्नेलमध्ये त्यांना स्थान मिळाले नाही. कर्नेलमध्ये थांबण्याच्या जागा असंख्य आहेत. त्यातल्या एकेका जागी टोकन पद्धत आणायची, तर फाइल आणि मेमरी सांभाळणाऱ्या भागांत बरीच गुंतागुंत वाढणार होती. शिवाय ज्या मोठ्या डेटाबेसना या सोयीची सर्वाधिक गरज होती, त्यांनी आपला वेगळा मार्ग आधीच काढला होता. २००७ च्या आरंभी झॅक ब्राऊन आणि इंगो मोलनार यांनी आणखी दोन निराळ्या पद्धती सुचविल्या. त्याही मागे पडल्या. २०१६ मध्ये तर खुद्द टोरवाल्ड्स यांनी जुन्या असिंक्रोनस यंत्रणेच्या रचनेवर जाहीरपणे कडक शब्दांत टीका केली. दुखणे सर्वांना मान्य, पण औषधावर एकमत नाही, अशी स्थिती दशकभर टिकली.

टोकन पद्धत अखेर आली

ही कोंडी फुटली २०१९ मध्ये. त्या वेळी फेसबुकमध्ये असलेले जेन्स अ‍ॅक्सबो यांनी आयओ-यूरिंग पुढे आणले आणि ५ मे २०१९ रोजी आलेल्या लिनक्स ५.१ मध्ये ते दाखल झाले. त्याची रचना समजायला सोपी आहे. प्रोग्रॅम आणि कर्नेल या दोघांना दिसतील अशा दोन वर्तुळाकार याद्या असतात. एकीत प्रोग्रॅम मागण्या लिहितो, दुसरीत कर्नेल पुरी झालेली कामे नोंदवते. प्रत्येक मागणीसाठी कर्नेलचे दार ठोठावण्याची गरज उरत नाही.

तरीही पानाचे कुलूप होतेच. सुरुवातीच्या आयओ-यूरिंगमध्ये हवे ते पान मेमरीत तयार नसेल, तर ती मागणी कर्नेलमधील एका मदतनीस थ्रेडकडे सोपविली जाई आणि तो थ्रेड रांगेत उभा राही. स्वतः न थांबता नोकराला रांगेत उभे करावे, तशी ही तोड होती. मालक मोकळा झाला, तरी रांग होती तेवढीच राहिली आणि नोकराचा खर्च वाढला. पोस्टग्रेस्क्यूएलने २०२५ मध्ये मूळ पर्याय म्हणून जी रीत ठेवली, ती तत्त्वतः याच जातीची आहे.

खरी टोकन पद्धत आली ती ११ ऑक्टोबर २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ५.९ मध्ये. पानाच्या रांगेत आता झोपलेल्या थ्रेडऐवजी नुसती नोंद ठेवता येऊ लागली. कुलूप उघडताच त्या नोंदीनुसार मागणी करणाऱ्याला इशारा जातो आणि वाचन पुन्हा सुरू होते. नोंद ठेवा, परत जा, कुलूप उघडल्यावर पुन्हा प्रयत्न करा, हा विचार जवळपास सतरा वर्षांपूर्वी मांडला गेलेलाच होता. बदलली होती ती परिस्थिती. डिस्क वेगवान झाल्या होत्या आणि नोंद ठेवायला आयओ-यूरिंगचे सुटसुटीत घर तयार होते. एखादी कल्पना योग्य असणे पुरेसे नसते, तिच्याभोवतीची व्यवस्थाही तयार असावी लागते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

न्याय की वेग?

योगायोग असा, की याच ५.९ आवृत्तीत पानाच्या कुलपाबाबत आणखी एक प्रश्न ऐरणीवर आला. रांगेतील क्रमाचा. त्याची पार्श्वभूमी २०१७ मधील आहे. इंटेलच्या अभियंत्यांना तेव्हा मोठ्या सर्व्हरवर पानाच्या कुलपासाठी लागलेल्या विलक्षण लांब रांगा आढळल्या. काही चाचण्यांत एका रांगेत साडेतीन हजारांहून अधिक नोंदी होत्या. कुलूप उघडल्यावर एवढ्या सर्वांना जागे करता करता प्रोसेसर इतर कामांना दाद देईनासा होई. त्यावर तात्पुरती मलमपट्टी झाली. रांगेतल्या काही जणांना जागे केल्यावर मध्येच खूण ठेवून थोडा श्वास घ्यावा, अशी ती तजवीज होती.

२०२० मध्ये टोरवाल्ड्स यांनी ही प्रतीक्षेची व्यवस्थाच नव्याने लिहिली. जुन्या रीतीत रांगेतला माणूस जागा झाला, तरी कुलूप त्याच्या हाती येईलच याची हमी नसे. तो डोळे चोळत खिडकीशी येईपर्यंत नुकताच आलेला दुसराच कोणी आत घुसत असे. नव्या रीतीत कुलपाचा ताबा रांगेतल्या पुढच्याकडेच थेट सोपविला जाऊ लागला. न्यायाच्या दृष्टीने हे निर्दोष होते. परंतु ५.९ च्या चाचण्या घेताना ‘फोरोनिक्स’चे मायकेल लाराबेल यांना अ‍ॅपाची वेब सर्व्हरसह काही चाचण्यांत वेग लक्षणीय घटलेला दिसला. शोध घेतला असता बोट या न्याय्य व्यवस्थेकडेच वळले.

यातील मेख अशी: ज्याच्या नावे ताबा झाला, तो अजून झोपेतून पुरता जागा झालेला नसतो. तेवढा वेळ कुलूप त्याच्या नावे अडकून पडते. ज्याला ते या क्षणी वापरता आले असते, तोही मग रांगेत जाऊन झोपतो. रांग वाढत जाते. प्रत्येकावर न्याय होतो, पण सर्वांचेच काम मंदावते.

यावर सप्टेंबर २०२० मध्ये जो तोडगा निघाला, तो तंत्रज्ञानाइतकाच धोरणाचा नमुना आहे. रांगेतल्याने आधी काही वेळा जुन्या मुक्त स्पर्धेत नशीब अजमावावे आणि तरीही कुलूप न मिळाल्यास मगच त्याला हक्काने ताबा मिळावा, असे ठरले. किती वेळा? मूळ मूल्य ५ ठेवले गेले. या आकड्याला दिलेले नावही स्पष्ट होते. इंग्रजीतल्या त्या नावाचा अर्थ होतो ‘पानाच्या कुलपातील अन्याय’. अन्याय शून्यावर आणता येत असूनही तो मोजून-मापून ठेवणे सर्वांच्या हिताचे आहे, असा हा निर्णय. तो योग्य की अयोग्य यावर मतभेद संभवतात. पण हा अन्याय कोणी दडविला नाही. त्याला नाव दिले, आकडा दिला आणि हा आकडा बदलण्याची मुभा प्रत्येक सर्व्हरचालकाला दिली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ५.१६ आवृत्तीपासून पानांचे गठ्ठे, म्हणजे ‘फोलिओ’, ही नवी मोजणी कर्नेलमध्ये आली आणि कुलूपही टप्प्याटप्प्याने पानाऐवजी फोलिओचे झाले. मूळ पेच मात्र तोच आहे.

न थांबण्याचे ओझे

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. एवढे कष्ट घेऊन बांधलेल्या रस्त्यावर अडथळे का? कारण न थांबण्याचेही एक ओझे असते आणि ते कर्नेलला वाहावे लागते.

माणूस खिडकीसमोर उभा असतो, तेव्हा तो कोण, त्याचे खाते कोणते आणि त्याचा अधिकार काय, हे समोर दिसत असते. टोकन देऊन त्याला पाठविले, की या सर्व गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. तो परत येण्यापूर्वी खाते बंद झाले तर? टोकन त्याने दुसऱ्याला दिले तर? कर्नेलमध्ये नेमके हेच घडू शकते. मागणी नोंदवून प्रोग्रॅम पुढे जातो, फाइल बंद करतो, मेमरी परत करतो किंवा स्वतःच संपतो. कर्नेलने ती मेमरी दुसऱ्याला दिलेली असताना जुन्या नोंदीवरून तिला पुन्हा हात लावला गेला, तर हल्लेखोराला शिरकावासाठी फट मिळते. असिंक्रोनस रचनेत अशा फटी राहून जाण्याचा धोका अधिक असतो.

तसे घडलेही. गूगलने जून २०२३ मध्ये आपल्या कर्नेल-सुरक्षा बक्षीस योजनेचा अनुभव प्रसिद्ध केला. त्या योजनेत आलेल्या ४२ हल्लातंत्रांपैकी ६० टक्क्यांमध्ये आयओ-यूरिंगमधील दोषांचा वापर झाला होता. या दोषांपोटी सुमारे दहा लाख डॉलर बक्षिसांवर खर्च झाले. परिणामी गूगलने क्रोम-ओएसमध्ये ही यंत्रणा बंद केली, अँड्रॉइडवरील सामान्य अ‍ॅपना ती वापरता येऊ नये अशी व्यवस्था केली आणि स्वतःच्या सर्व्हरवरही ती बंद ठेवली. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘डॉकर’नेही आपल्या मूळ सुरक्षा-नियमांत तिला मज्जाव केला. हे दोष पानाच्या कुलपाचे नव्हते, तर या यंत्रणेच्या एकूण विस्ताराचे होते, हे ध्यानात घ्यायला हवे. पण कुलपापाशी न थांबण्याची सोय ज्या दाराने मिळते, ते दारच बंद झाल्यावर आतल्या सोयीचा उपयोग उरत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये आणखी एक पैलू समोर आला. अनेक सुरक्षा-साधने प्रोग्रॅम कर्नेलचे दार किती वेळा आणि कशासाठी ठोठावतो, यावर पहारा ठेवतात. आयओ-यूरिंगमध्ये दार ठोठावण्याची गरजच कमी होत असल्याने असा पहारा चुकवून काम करता येते, हे ‘आर्मो’ या सुरक्षा कंपनीने नमुना प्रोग्रॅम लिहून दाखवून दिले. ज्या वैशिष्ट्यामुळे वेग आला, तेच पहारेकऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकायला कामी आले.

मूळ पर्यायाचे महत्त्व

मग ही यंत्रणा चूक होती काय? तसा निष्कर्ष घाईचा ठरेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या लिनक्स ६.६ पासून आयओ-यूरिंगसाठी एक नियंत्रक कळ मिळाली आहे. ती सर्वांसाठी खुली ठेवावी, फक्त अधिकृत वापरकर्त्यांना द्यावी की पूर्ण बंद करावी, हे सर्व्हरचालक ठरवू शकतो. विवेक या मधल्या मार्गात आहे. स्वतःच्या यंत्रावर, ओळखीचा एकच डेटाबेस चालत असेल, तर वेगाचा लाभ न घेण्यात शहाणपणा नाही. अनोळखी अ‍ॅप चालणाऱ्या फोनवर किंवा अनेक ग्राहकांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर मात्र दार बंद असलेलेच बरे.

तथापि, कळ असणे आणि ती कोणी विचारपूर्वक फिरविणे यांत अंतर असते. बहुतेक सर्व्हरांवर, आणि बहुतेक फोनवर तर नक्कीच, जे मूळ पर्याय म्हणून आले तेच शेवटपर्यंत राहते. म्हणूनच मूळ पर्याय ठरविणारे मूठभर लोक हेच खरे धोरणकर्ते ठरतात. रांगेत पाच वेळा घुसखोरी चालेल, अ‍ॅपना हे दार बंद राहील, डेटाबेस मदतनिसांमार्फतच वाचेल, हे निर्णय कोट्यवधी लोकांच्या दैनंदिन व्यवहारांना स्पर्श करतात आणि त्यांपैकी फारच थोड्यांना त्यांची गंधवार्ता असते.

या निर्णयांची एक जमेची बाजू मात्र नाकारता येत नाही. लिनक्सच्या बाबतीत प्रत्येक बदल कोणी केला, का केला आणि त्यावर कोणी हरकत घेतली, याची नोंद सार्वजनिक आहे. वेग घटल्याची तक्रार एका चाचणीकाराने केली आणि टोरवाल्ड्स यांच्यासारख्याला आपली नवी रचना महिन्याभरात दुरुस्त करावी लागली, हे त्या खुलेपणामुळेच शक्य झाले. उलट, भारतातून गेलेला एक रास्त विचार प्रत्यक्षात यायला सतरा वर्षे लागली, ही त्याच व्यवस्थेची मर्यादा होय. आणि तो आल्यावर त्याच्याभोवतीची यंत्रणा ज्या वेगाने पसरली, त्या घाईची किंमत पुढची अनेक वर्षे दुरुस्त्यांच्या रूपाने चुकती करावी लागली.

पोस्टग्रेस्क्यूएलच्या सावधगिरीकडे या पार्श्वभूमीवर पाहिले, तर ती भित्रेपणाची वाटत नाही. नवा मार्ग उपलब्ध ठेवायचा, पण तो निवडण्याची जबाबदारी जाणत्यावर सोपवायची, हा तिचा अर्थ आहे. रांगेत थांबण्याची किंमत असते, तशीच रांग टाळण्याचीही असते. ती कोण देणार, हे आधी ठरवलेले बरे.